बेट कोणी खणायचं

घर बघायला गेलं की कोणी आधी छताकडे बघतं, कोणी विहिरीचं पाणी चाखतं. कमला थूल आधी शेजार बघायची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निम्मं आयुष्य काढलेल्या या बाईला भिंतीची ओल चालत होती, गळकं कौल चालत होतं. आडनाव ऐकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो एक गोड, गुळगुळीत पडदा पडतो, तो मात्र चालत नव्हता. वर्ध्यात तिने आणि तिच्या नवऱ्याने, गुलाबरावांनी, याआधी दोन घरं जवळजवळ घेतलीच होती. दोन्ही ठिकाणी चहा झाला, चिवडा झाला, 'आपलंच घर समजा' झालं. मग आडनाव कळलं आणि निरोप आला की मुलाचा विचार बदलला. त्यातल्या एका फाटकावर 'विकणे आहे'ची पाटी पुढच्या पोळ्यापर्यंत लटकत होती.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात नालवाडीतलं प्रभाकररावांचं घर दोघांना दाखवलं गेलं, आणि कमलाचा जीव त्यात अडकला. मोकळा ओटा, उजेडाचं स्वयंपाकघर, आणि एक खोली अशी की मुलगी मेघा अमरावतीच्या होस्टेलवरून सुट्टीत आली की तिला आपलं म्हणता येईल. प्रभाकररावांचा मुलगा नागपूरला होता, म्हातारपणी त्याच्याकडे जायचं म्हणून ते घर काढत होते. माणूस सज्जन. फक्त परसाकडे नेताना त्यांची पावलं जरा रेंगाळली.

परसाच्या कोपऱ्यात, शेजारच्या भिंतीला खेटून, काटेरी बांबूचं बेट होतं. बेट कसलं, लहानसं जंगलच म्हणा. तिकडे बघून कमला काही बोलणार तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून एक खणखणीत आवाज आला.

"काय व बाई, घर घेऊन राह्यल्या का? मंग खोल्या मागून पाहा, आधी हे बेट पाहा! माह्या न्हानीची फरशी उचलली यानं. आंघोळीले बसलं का खालून कोंब टोचते!"

भिंतीवर पदर घेतलेलं एक डोकं उगवलं. या देवकाबाई. नवरा गेल्यापासून किराण्याचं दुकान त्याच चालवत होत्या, आणि तोंडही.

"बाई जरा फटकळ आहेत," प्रभाकरराव पुटपुटले.

"फटकळ नाई त काय! किती वर्सं झाली, आज काढतो म्हनता, उद्या काढतो म्हनता." मग त्या कमलाकडे वळल्या. "तुमचं आडनाव काय व?"

आला, तो प्रश्न आला. "थूल," कमला म्हणाली.

"अस्सं," देवकाबाई म्हणाल्या. डोकं भिंतीमागे गेलं आणि दार धाडकन लागलं.

परतताना गुलाबराव सायकल हातात धरून चालत होते. शाळेत लिपिक असलेला हा माणूस वाईट वेळी विनोद करायचा, त्याला इलाज नव्हता. "या खेपेले त चिवडा बी नाई भेटला," ते म्हणाले. कमलाला हसू आलं नाही. रात्री तिने भात केला आणि स्वतः जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव त्यांच्या भाड्याच्या खोलीवर हजर. कमलाने नकार ऐकायची तयारी करूनच पाणी पुढे केलं.

"कालपासून देवकाबाई माझ्या ओट्यावर ठाण मांडून बसल्या आहेत," प्रभाकरराव म्हणाले. "घर द्यायचं तर थूलांनाच द्या म्हणतात. दुसऱ्याला दिलं तर रोज शिव्या देईन म्हणतात."

"आमालेच काऊन?" गुलाबरावांनी विचारलं.

प्रभाकररावांनी मग सगळं उलगडून सांगितलं. त्यांच्यात असं मानतात की बांबूचं बेट जो मुळासकट खणतो, त्याच्या घरात लेकरू टिकत नाही. वरून खुशाल कापा, शिड्या करा, लग्नाचे मांडव घाला. पण मुळाला लोखंड लागता कामा नये. बेट त्यांच्या वडिलांनी लावलेलं, त्यांनी स्वतः कधी हात लावला नाही. मजूर बेटापाशी आले की त्यांना दुसरं काम आठवायचं. कारंजाचे मोतीलालशेठ हेच घर घ्यायला तयार होते, पण तेही म्हणाले, बेटाला धक्का लावणार नाही. तेव्हापासून देवकाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काल तुमचं आडनाव ऐकलं आणि त्यांना हायसं वाटलं," प्रभाकरराव खाली बघत म्हणाले. "तुमच्यात हे मानत नाहीत ना. तुम्ही खणाल, असं त्यांना वाटतं."

गुलाबराव ठसका लागेपर्यंत हसले. "म्हंजे आडनावानं घर गेलं नाई, आलं!"

कमलाच्या मात्र अंगाची आग झाली. काम आपलं, पाप आपलं, आणि न्हाणी त्यांची! आयुष्यभर नको असलेलं सगळं आपल्याच माथी मारायचं, आणि वर उपकार केल्यासारखं घर द्यायचं. चप्पल अडकवून ती तशीच नालवाडीला निघाली.

देवकाबाई दुकानात डाळ पाखडत होत्या. "या, बसा," त्या म्हणाल्या.

"बसाले नाई आली, काकू. बेट मी खनावं म्हनून घर मले देऊन राह्यल्या का?"

"हाव," देवकाबाई म्हणाल्या. लपवाछपवी नाही, लाज नाही. "तुमी मानत नाई, त तुमाले काय फरक पडते? मी मानते. मले पडते."

"माह्या बापानं छप्पन सालीच नागपुरात दीक्षा घेतली, हे सारं सोडलं. बेट खनाले मले भेव नाई. पन तुमचं ओझं मी काऊन उचलू? माह्या बाजूचं मी खनीन, तुमच्या न्हानीखालचं तुमी खना. एकाच दिवशी. नाईतर बेट तसंच राहू द्या, मी त्याले रोज पानी घालीन."

मग जे भांडण झालं ते नालवाडीने बरेच दिवस तोंडी लावायला घेतलं. देवकाबाईंनी सुपातली डाळ सांडली, कमलाने दवाखान्यातला आवाज काढला. गिऱ्हाईकं पैसे हातात धरून उभी राहिली. शेवटी दोघीही घसा बसल्यामुळेच थांबल्या.

परत येताना कमलाला एक गंमत जाणवली. तिला हलकं वाटत होतं. आजवर तिच्याशी या गोष्टीवरून कोणी भांडलंच नव्हतं. सगळ्यांनी गोड बोलून दार लावलं होतं. ही पहिली बाई, जिने जे होतं ते तोंडावर सांगितलं आणि तोंडावरच ऐकून घेतलं. अशा माणसाच्या शेजारी राहता येतं. घरी येऊन ती गुलाबरावांना म्हणाली, "घेऊ घर." आणि त्या रात्री पोटभर जेवली.

विसार झाला, खरेदी झाली, संक्रांतीनंतर थूल कुटुंब राहायला आलं. देवकाबाई बोलेनात. कमलाही कमी नव्हती. रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी ती भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने बेटाला बादलीभर पाणी घालायची. पलीकडे भांडी जोरात आदळायची. गुलाबराव म्हणायचे, "बेटाले वाटत असन, आपलं लगीन ठरलं."

एका दुपारी देवकाबाईंची सून, सपना, मागच्या दाराने हळूच आली. "सिस्टर, बीपी पाहून देता का? आईंले सांगू नका." पाचवा महिना होता. कमलाने पट्टा बांधला, आकडा ठीक होता, पण पोरीने तो पुन्हा पुन्हा विचारला. याआधी दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा गेले. "आई देवळात बी जास्त वेळ उभ्या राहत नाईत आता," सपना म्हणाली. "म्हनतात, जास्त मागितलं त दिसन कोनाले तरी, नजर लागन."

सपना गेल्यावर कमला बीपीचा पट्टा गुंडाळत ओट्यावर बसली. दवाखान्यात तिने पोटावर हात धरून आलेल्या किती तरी बायका पाहिल्या होत्या. भीती खरी की खोटी, हे तिथे कोणी विचारत नाही. आधी हात धरतात. आपण मात्र रोज पाणी घालून त्या भीतीलाच खिजवत होतो. संध्याकाळी ती गुलाबरावांना म्हणाली, "माही अट सोडली. पूरं बेट आपनच खनू." सपनालाही तिने तेवढा निरोप दिला.

रविवारी बांबूच्या बल्ल्या कापायला माणसं आली. शिड्यांसाठी, मांडवासाठी चांगला माल म्हणून आनंदाने गाडीभर घेऊन गेली, आणि मूळ उघडं पडताच कोणाला सासुरवाडी आठवली, कोणाला गाय. उरले नवराबायको. गुलाबरावांनी माती उपसायला घमेलं घेतलं, कमलाने पदर खोचला आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली.

तेवढ्यात फाटक वाजलं. भिंतीवरून नव्हे, समोरच्या फाटकातून, पहिल्यांदाच, देवकाबाई आत आल्या. हातात कुदळ होती.

"थांब," त्या म्हणाल्या. "सपनानं सांगितलं, तुनं अट सोडली म्हून."

"हाव काकू. तुमी घरी जा. सपनाजवळ बसा. मी मानत नाई, मले काई होत नाई."

"तू मानत नाई. पन मी त मानते ना!" देवकाबाईंचा तो खणखणीत आवाज फाटला. "रातभर झोप नाई मले. खननाऱ्याच्या घरी लेकरू टिकत नाई, असं मानते मी, आन् खनाले लावून राह्यली कोनाले? तुले! तुही बी पोरगी हाय ना एक, तिकडं अमरावतीले? म्हंजे माह्या हिशोबानं माह्या घरचं संकट मी तुह्या पोरीवर लोटून राह्यली होती. तुले माह्या सुनेची काळजी वाटली, आन् मले तुह्या पोरीचं नाव बी ठाऊक नाई!"

कमलाच्या हातातली सब्बल खाली आली. आजवर आडनावामुळे तिला काय काय मिळालं होतं, आणि काय काय हुकलं होतं. पण तिच्या मुलीसाठी परक्या घरात कोणी रात्रभर जागं राहिलं, हे नवीन होतं.

"मेघा," गुलाबरावच म्हणाले. "मेघा नाव हाय तिचं." आणि या एका वेळी त्यांना विनोद सुचला नाही.

"त मेघावर येऊ दे नाईतर सपनावर, अर्धं अर्धं येऊ दे," देवकाबाई म्हणाल्या, आणि कुदळ उगारली. ती खाली यायच्या आत कमलाने त्यांच्या शेजारी सब्बल मारली. दोन्ही घाव एकाच वेळी पडले, की एक जरा आधी, हे गुलाबरावांना नंतर पुष्कळांनी विचारलं. त्यांनी कधी सांगितलं नाही.

सपना पुढे आषाढात सुखरूप बाळंत झाली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. पण त्या रविवारी हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि देवकाबाई प्रत्येक घावाला ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत खणत होत्या. मुळं एकमेकांत अशी गुंतलेली की कुठलं कोणाच्या बाजूचं, ते कळायला मार्ग नव्हता. भिंतीखालून न्हाणीकडे गेलेला गड्डा उन्हं चढेपर्यंत हलला नाही. मग तिघांनी मिळून जोर लावला आणि तो मातीसकट वर आला. तिघंही मागे पडले, आणि हसले.

हसता हसता देवकाबाई एकदम उभ्या राहिल्या. मातीने भरलेल्या हातांनीच त्यांनी कमलाला उठवलं आणि ओढत दुकानात नेलं. तिथला फोन तिच्यापुढे सरकवला.

"लाव," त्या म्हणाल्या.

"कोनाले?"

"मेघाले. बरी हाय का विचार. मी आयकल्याशिवाय अन्नाले शिवत नाई."

कमला काही मानत नव्हती. तरी तिने होस्टेलचा नंबर फिरवला. तिकडे कोणी तरी मेघाला बोलवायला गेलं, बऱ्याच वेळाने चपला वाजल्या, आणि मग मेघाचा धापा टाकणारा आवाज आला. "आई? काय झालं? असा अचानक कसा फोन?"

"काही नाही ग. तू बरी आहेस ना?"

"मला काय होणार? कोणाचं काही झालंय का?"

देवकाबाई फोनला कान लावायला इतक्या जवळ आल्या होत्या की त्यांच्या पदराची माती कमलाच्या खांद्याला लागली. आतला आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि तिथेच डाळीच्या पोत्यावर बसकण मारली. कमलाचे डोळे भरून आले. आपण घर घेतलं ते आज, असं तिला वाटलं.

"कोणाला काही झालं नाही," ती मुलीला म्हणाली. "आपल्या शेजारच्या काकूंना तुझी काळजी वाटत होती."