देवपूरची शिकवणी

“मी भूक आहे,” हेस्टरबाई ठासून म्हणाल्या.

वना मास्तरांनी हसू दाबलं. “तसं नाही, बाई. ‘मला भूक लागली’ म्हणा. भूक आपल्याला येऊन लागते.”

शेजारच्या खुर्चीतल्या नोराबाई सावरून बसल्या. त्यांच्या आजीच्या आयरिश भाषेत, त्यांनी सांगितलं, ‘माझ्यावर भूक आहे’ असं म्हणत. दुःखही माणसावर असे, थंडीही माणसावरच असे. त्यांना स्वतःला त्या भाषेतली एवढी दोन-चार वाक्यंच येत होती. हेस्टरबाईंच्या आफ्रिकान्समध्ये असलं काही नव्हतं. तिथं मी, तू, आम्ही, ते, सगळ्यांना क्रियापद एकच. फक्त नकार दोनदा द्यायचा. वाक्याच्या पोटात एकदा आणि शेवटी एकदा. तरी माणसं ऐकत नाहीत, असं त्या म्हणाल्या तेव्हा तिघंही हसली.

एकोणीसशे सत्तावीस साल होतं. धुळ्याला पांझरेपलीकडे, देवपुरातल्या मिशनच्या बंगल्यावर या दोघी नर्सबाया नव्या आल्या होत्या. नोराबाई आयर्लंडच्या, हेस्टरबाई दक्षिण आफ्रिकेतल्या एका शेतकऱ्याच्या घरातल्या. दवाखान्यात बायाबापड्यांशी बोलता यावं म्हणून मास्तर त्यांना सकाळी, शाळेआधी, मराठी शिकवत.

मास्तर मूळचे सोनगीरचे, कुणब्याघरचे. लहानपणी शाळेत ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हटलं म्हणून त्यांनी इतक्या छड्या खाल्ल्या होत्या, की पुढे अहिराणीचा शब्द त्यांनी चुकूनही तोंडातून निघू दिला नाही. घरातही तीच ताकीद. मुलगी पुष्पा शाळेत जात होती; तिच्या कानावर शुद्धच पडलं पाहिजे. त्यामुळे म्हातारी आई, झुंबरबाई, मोतीबिंदूसाठी सोनगीरहून त्यांच्याकडे राहायला आली ती चार दिवसांतच गप्प झाली. गावी दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून थांबवणारी ती बाई इथं नुसत्या मानेनं हो-नाही करू लागली. मास्तरांना वाटलं, वय झालं.

एकदा बोलता बोलता छडीचा विषय निघाला. नोराबाई म्हणाल्या, त्यांची आजी शाळेत असताना तिच्या गळ्यात दोरीनं एक काठी अडकवलेली असे. आयरिश शब्द तोंडातून गेला की त्या काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजून तेवढे फटके. आजीनं मग आपल्या मुलांना ती भाषा दिलीच नाही. मुलांना फटके नकोत.

हेस्टरबाईंनी आपल्या गळ्याशी बोट नेलं. मग म्हणाल्या, “मी पाटी घातली. गळ्यात. ‘मी गाढव आहे.’ इंग्रजी नाही बोलले म्हणून.” घरी येऊन रडले तेव्हा आई भाकरी भाजत होती, असं त्यांनी सांगितलं. पावाला त्या भाकरीच म्हणत. आईनं डोळे पुसले नाहीत, की जवळ घेतलं नाही. ती म्हणाली, शाळेत गाढव हो, घरात माझी मुलगी हो. घरात एक शब्द इंग्रजी नाही. लोक जिला चुलीपाशीची बोली म्हणून हिणवत, ती भाषा दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे सरकारदरबारी मानानं बसली होती.

“आमची तर तुमच्याही आधी बसली,” नोराबाई म्हणाल्या. “टपालाच्या तिकिटावर आहे. पण आजी गेली तेव्हा काहीतरी सांगत होती. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. कोणालाच कळलं नाही.”

मास्तरांनी त्या दिवसाचा धडा पुरा केला. शिकवताना मात्र दोनदा त्यांची ओळ चुकली.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात झुंबरबाईचे मोतीबिंदू काढले. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही. मास्तर सकाळी भेटायला गेले. ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. आसपास कोणी नव्हतं. ते खाटेजवळच्या स्टुलावर बसले. मग घसा खाकरून म्हणाले, “माय, डोया दुखतस का?”

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. “कोन, उखर्डू? तू कवय उना रे?”

उखर्डू हा मास्तरांचा धाकटा भाऊ. गावी शेती बघायचा; तो कधी आला, असं ती विचारत होती. त्या आवाजात, त्या बोलीत आपला थोरला मुलगा बोलू शकतो, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“उखर्डू नही, माय. मी वना शे.”

तिचं हसू मावळलं. तिनं हातानं चाचपून डोक्यावरचा पदर नीट केला. मग एकेक शब्द जपून, जसा काही परक्याच्या घरचा काचेचा पेला उचलावा, तसं ती म्हणाली, “मी बरी आहे. मला काही दुखत नाही.”

मास्तर काही बोलले नाहीत, तशी ती घाबरली. आवाज खाली आणून तिनं सांगितलं, की पुष्पानं शिकवलं. इथं मास्तरांच्या ओळखीच्या मडमा येतात, त्यांच्यापुढे मुलाची मान खाली जायला नको म्हणून तिनंच नातीच्या मागे लागून शिकून घेतलं होतं. ती स्वयंपाकघरात गप्प बसे तेव्हा मनात तीच वाक्यं घोळवत असे.

“बराबर शे ना?” तिनं विचारलं.

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला. “बराबर शे, माय.” थोड्या वेळानं म्हणाले, “पन आते आपलं बोल.”

“तूच बोल,” ती म्हणाली. “मी आयकस.”

मास्तर बोलू लागले. पुष्पाचं सांगितलं, उखर्डूच्या बैलाचा पाय बरा झाल्याचं सांगितलं. वाक्यं तुटक येत होती, पोराटोरांसारखी. मधेच एक शब्द काही केल्या आठवेना, तेव्हा ते थांबले. म्हातारीही थांबली. मग तिनंच तो हळूच सांगितला, आणि जणू तो मास्तरांनीच उच्चारला असावा, तशी पुढचं ऐकत पडून राहिली.