नर्सबाईंची पाठ फिरल्यावर

दर मंगळवारी रात्री टीव्हीवर ‘पंप लेन’ लागायचं आणि बुधवारी सकाळी क्लेग खाटकाच्या दुकानातली रांग माझ्याकडे बघून हसायची. ‘पंप लेन’ म्हणजे पोलीस चौकीवरची विनोदी मालिका, आणि मी थॉर्नक्लफच्या सार्जंटची बायको. चौकी आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत, मागे माझं स्वयंपाकघर, मधे एक दार. त्यामुळे मालिकेत जे काही घडेल त्याचा जाब मला विचारायला सगळं गाव मोकळं.

“काय गं आयव्ही,” क्लेग सुरा पुसत विचारायचा, “तुमचा वॉल्टरपण टोपीत सँडविच लपवतो का?”

“तुझ्या दुकानावर मालिका निघू दे,” मी म्हणायची. “मग बघू सॉसेजमधून काय काय निघतं.”

मतांना काय तोटा. हेडमास्तरांच्या मते तो पोलिसांचा धडधडीत अपमान होता, पण एक भाग चुकवतील तर शपथ. माझी शेजारीण डोरिस त्यातल्या मिशीवाल्या सार्जंटवर फिदा होती. मला म्हणाल तर त्याची ती बायको डोळ्यांसमोर नको व्हायची. केस बसवलेले, एप्रनवर डाग नाही. चौकीत रात्र काढलेल्या दारुड्यांच्या मागे फरशी पुसून एप्रन असा राहतो होय?

पण खरी ओढ वेगळीच होती. लोकांनी जन्मभर चौकीचं काउंटर फक्त पुढून बघितलेलं. आपण तक्रार देऊन निघालो, दार लागलं, की आतले लोक आपल्याबद्दल काय बोलतात? हे कधी कुणाला कळलं नव्हतं, ते आता दर मंगळवारी घरबसल्या दिसत होतं. म्हणून तर सगळे डोळे ताणून बसायचे.

वॉल्टर तेवढा कधी हसला नाही. हातात कप धरून साक्ष ऐकावी तसा बघायचा. “आवडत नाही तर बघतोस कशाला?” मी विचारलं, तर म्हणे, “माहिती असावी.”

मग तो पोपटाचा भाग लागला.

एक म्हातारी दर आठवड्याला चौकीत येते आणि उडून गेलेल्या पोपटाची चौकशी करते. पोपट कधीच मरून गेला असणार. सार्जंट गंभीर तोंड करून विचारतो, रंग कुठला होता, बोलायचा काय. म्हातारीचं समाधान होतं, ती दाराकडे वळते, आणि तिची पाठ फिरल्याबरोबर सार्जंट आपल्याकडे बघून डोळा मारतो. स्टुडिओतले प्रेक्षक खो खो हसले. आमच्या सोफ्यावर बसलेली डोरिस हसली, मीही हसले. मग आम्ही दोघी एकदम गप्प झालो, कारण दोघींना नर्सबाई आठवल्या.

नर्स टॅटर्सल. अर्धं गाव त्यांच्या हातांवर जन्माला आलं, आमच्या दोन्ही मुली धरून. त्यांची हिरवी सायकल महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात चॅपलच्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चच्या, दारातून चोरीला गेली. तेव्हापासून सार्जंट कुणीही असो, बाई दर शुक्रवारी चौकीत हजर. “सायकलचं काही कळलं?” “नाही बाई, शोध चालू आहे.” मग एक कप चहा, कुणाच्या बाळाला दात आले कुणाचं आजारी आहे याची विचारपूस, आणि बाई घरी. एकट्या बाईचा शुक्रवार त्यात जायचा.

बुधवारी रांगेत कुणी हसलं नाही. “टीव्हीवाल्यांना वॉल्टरनेच सांगितलं असणार,” क्लेग हळूच म्हणाला.

“आमचा वॉल्टर?” माझं डोकंच फिरलं. “तो मला दोन वाक्यं सांगताना दमतो, तो लंडनला काय सांगतोय.”

घरी येऊन मी वॉल्टरला ते सांगितलं. तो म्हणाला, “घरोघरी मातीच्या चुली, आयव्ही. अशी एक बाई प्रत्येक चौकीला असते.” आणि झालंही तसंच. पेपरात गावोगावच्या प्रेक्षकांची पत्रं आली, आणि जो तो म्हणत होता की ही म्हातारी आमच्याच गावची.

पण शुक्रवारी नर्सबाई आल्या नाहीत. मी किटली तापवली, गार झाली, पुन्हा तापवली. संध्याकाळी वॉल्टरने कोट चढवला आणि त्यांच्याकडे जाऊन आला.

“त्यांनी बघितला तो भाग?” मी विचारलं.

“हो. पोपट छान होता म्हणाल्या.” तो बुटाची नाडी सोडत बसला. सुटेचना. “मग म्हणाल्या, वॉल्टर, माझी पाठ फिरली की तूही डोळा मारतोस का?”

“मग तू काय म्हणालास?”

“काही नाही.”

“काही नाही? अरे बाबा, नाही म्हणायला काय पैसे पडतात?”

“नाही तर सगळेच म्हणतात. चोरलेली कोंबडी कोटाखाली फडफडत असते, तरी माणूस नाहीच म्हणतो. माझ्या नाहीला त्यांनी काय किंमत द्यायची?”

मला असा संताप आला. म्हातारी माणसं एका शब्दावर जगतात, आणि हा तिथे कायदा घेऊन बसला. पण रात्री भांडी विसळताना माझ्याच लक्षात आलं, की मलाही कुठे माहीत आहे? नर्सबाई गेल्या की पुढचं दार वाजतं. मग बराच वेळ चौकीत सामसूम असते. मग वॉल्टर त्यांचा कप घेऊन आत येतो. मधल्या वेळात तो काय करतो, हे मी कधी बघितलेलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही. नको ते उत्तर आलं असतं तर नर्सबाईंना मी तोंड कसं दाखवणार होते?

पुढच्या शुक्रवारी त्या आल्या. डोक्यावर चॅपलला जातानाची हॅट. मी चहा दिला आणि परत जाताना मधलं दार मुद्दाम नीट लावलं नाही. फटीला नाक लावून उभी राहिले.

“सायकलचं काही कळलं?”

“नाही बाई. शोध चालू आहे.”

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बाळांची चौकशी झाली नाही. बाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला, उठल्या, बाहेर पडल्या. दार लागलं. वॉल्टरची पाठ माझ्याकडे होती, चेहरा दिसेना. तो काउंटरमागून निघाला आणि घाईघाईने पुढच्या दाराशी गेला.

तेवढ्यात ते दार धाडकन उघडलं. चोर पकडायला यावं तशा नर्सबाई परत आत. दोघांची नाकं आपटायची राहिली.

“इथे काय करतोस?” त्यांनी विचारलं.

वॉल्टर कानांपर्यंत लाल. “काही नाही, बाई.”

“काही नाही म्हणजे काय? काउंटर सोडून दाराशी कशाला आलास?”

“खाणीचे ट्रक येतात उतारावरून,” तो हातातल्या टोपीला सांगावं तसं म्हणाला. “तुम्ही उताराकडे बघत नाही. तुम्ही पलीकडे चॅपलच्या फाटकाशी पोचलात की मी आत येतो.”

“आज?”

“शुक्रवारी. दर शुक्रवारी.”

बाईंनी मान वळवली. मग त्यांना फटीतलं माझं नाक दिसलं. “आयव्ही, तुला हे ठाऊक होतं?”

“नाही बाई,” मी म्हटलं आणि एप्रनने डोळे पुसले. त्यावर डाग होता की नव्हता कुणास ठाऊक.

नर्सबाईंनी हॅट सरळ केली. “हे काही टीव्हीवाल्यांनी दाखवलं नाही,” त्या म्हणाल्या.

मग त्या बाहेर गेल्या, फुटपाथच्या कडेशी क्षणभर थांबल्या, आणि उताराकडे अजिबात न बघता, मान ताठ ठेवून सरळ रस्त्यात उतरल्या. वॉल्टर एक हात वर करून त्यांच्यामागे धावला.