दहाच्या फेरीची नाडी

"हात द्या, पुंजाभाऊ."

पुंजाने डोळे न उघडताच हात पुढे केला. खंडेरावाने आपल्या मनगटावरचा काळा पट्टा सोडून त्याच्या मनगटावर आवळला आणि शालिमारहून नाशिकरोडची दहाची फेरी सुरू केली.

पुंजा पळसे गावचा, झेंडू पिकवणारा. पहाटे फूलबाजारात माल विकायचा आणि परतताना रिकामी पाटी मांडीवर घेऊन खंडेरावाच्या शेअर रिक्षात, मागच्या कोपऱ्यात, गाढ झोपायचा. एकदा शेजाऱ्याची छत्री त्याच्या डोक्यात पडली, तेव्हा त्याने फक्त कूस बदलली होती. याहून शांत माणूस महापालिकेच्या हद्दीत मिळणं अवघड होतं.

पट्टा दिला होता कॉलेजात शिकणाऱ्या दीपमालाने. शहरात फिरताना खराब हवेमुळे माणसाच्या जिवावर किती ताण येतो, हे तिला मोजायचं होतं. हवेसाठी रिक्षाच्या टपाला एक डबी, नाडीसाठी मनगटाला पट्टा. पाच दिवस, रोज दहाची फेरी. ताण वाढला की कागदावर रेघ लाल येणार. खंडेराव लगेच तयार झाला. सव्वीस वर्षं रिक्षा चालवून त्याने कुणाला शिवी दिली नव्हती. ताण इतर रिक्षावाल्यांना येतो, असं त्याचं मत होतं.

पण उज्वलाने मध्येच अट घातली. नवरा खोकत खोकत पहाटे उठून बसतो, हे तिला पट्ट्यावाचूनही माहीत होतं.

"कागदावर लाल रेघ आली तर रिक्षा विकायची. जावयाच्या दुकानात बसायचं."

"बरं," खंडेराव म्हणाला. परीक्षा म्हटली की त्याला शाळा आठवायची, आणि शाळा आठवली की शेजारच्याच्या पाटीवरून उतरवलेली उत्तरंही आठवायची.

शनिवारी दीपमाला कागद घेऊन घरी आली.

"काका, हे बघा. शालिमारला गर्दी, हॉर्न, सगळं. पण नाडी बासष्ट. द्वारकेच्या चौकात गर्दी तेवढीच, हॉर्न तेवढेच, फक्त ट्रकांचा धूर चौपट. नाडी अठ्ठ्याण्णव. पाचही दिवस."

रेघ लालभडक होती.

"मग? रिक्षा विकायची जाहिरात पेपरात देऊ, का काचेवर चिठ्ठी लावू?" उज्वलाने विचारलं.

खंडेराव हसला. "अगं, ती नाडी माझी नायच. पुंजाभाऊची हाय. झोपेतली."

दीपमालाने चष्मा काढला. "काका! माझे पाच दिवस गेले ना!"

"गेले तर गेले. मी तर पास झालो."

"झोपलेल्या माणसाची ही गत," उज्वला शांतपणे म्हणाली, "तर जागं राहून चालवणाऱ्याची काय हो?"

खंडेरावाला आरशातला पुंजा आठवला. रोज द्वारकेला त्याची बोटं पाटीच्या काठावर आवळायची. खंडेरावाला वाटायचं, स्वप्नात झेंडूचा भाव पडत असेल.

दीपमालाने पट्टा पुन्हा दिला. सोमवारी सकाळी त्याने आपणहून मनगट उज्वलापुढे धरलं. "तूच बांध. लाल आली तर विकू. पण माझीच लाल."

द्वारकेला सिग्नल लागला. दोन ट्रकांच्या मधोमध रिक्षा थांबली आणि धूर आत शिरला. छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं. हे रोजच व्हायचं. आज त्याने ते मोजलं इतकंच. पट्ट्याकडे मात्र पाहिलं नाही. इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पुंजाच्या बाजूचा पावसाळ्यातला रेक्झिनचा पडदा सोडू लागला.

"काका, डिसेंबरात पाऊस कुठला?" पुंजाशेजारी बसलेली एक मुलगी हसली.

"बसा तुम्ही," खंडेराव म्हणाला.

पुंजा झोपलेलाच होता, बोटं पाटीवर घट्ट. सिग्नल सुटला. मागे एकदम सगळे हॉर्न सुरू झाले. खंडेरावाने पडद्याचा खालचा बंदही नीट बांधला, गाठ ओढून पाहिली आणि मगच गाडी सुरू केली.