भामाबाईची म्हैस आणि माझा हिरवा दिवा

मित्रांनो, मी वास घेणारं एक जुनं यंत्र आहे. परळीत रेवणसिद्ध आप्पांच्या पेंडीच्या दुकानात वरच्या फळीवर पडून असतो. लोकांना वाटतं, बिघडलं म्हणून ठेवलंय. खरी गोष्ट सांगायची मला लाज वाटते, पण सांगतोच.

आप्पांची मुलगी रोहिणी पुण्याला शिकायला होती. तिथल्या प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. साल होतं १९९६. माझ्या पोटात, काचेच्या डबीत, खमिराच्या जिवंत पेशी होत्या. पाव फुगवणारं असतं ना, तसलंच खमीर, फक्त प्रयोगशाळेत बदल केलेलं. हवेतून बुरशीचा वास आला की पेशी चमकत आणि माझा तांबडा दिवा लागे. एरवी हिरवा. रोजचं साखरपाणी मिळालं की मी खूश! रोहिणीने मला चाचणीसाठी दुकानात आणलं आणि पहिल्याच आठवड्यात मी सरकी पेंडीची दोन कुबट पोती पकडली. काय रुबाब होता माझा! आप्पा गिऱ्हाइकांना सांगत, "ह्याच्यात जित्ता जीव हाय. आपल्यापेक्षा लई तेज नाक हाय त्याला."

जीव आहे म्हटल्यावर खंडेनवमीला आप्पांच्या पत्नी बसम्माकाकू मला कशा वगळतील? तराजू-मापांबरोबर त्यांनी मलाही विभूती लावली, फूल वाहिलं आणि उदाचं धुपाटणं थेट माझ्या नाकाशी धरलं. किती भक्तिभावाने! धूर भसाभस आत गेला आणि पेशी मेल्या. दिवा मात्र हिरवाच राहिला. वास नसला तरी हिरवा, आणि मला वास घेताच येत नसला तरी हिरवाच. तिसरा दिवा मला कुणी दिलाच नव्हता.

दोन दिवसांनी भामाबाई आली. तिचा नवरा सटवा मेंढरं घेऊन दूर गेलेला, घरी एकच गाभण म्हैस. तिने मूठभर पेंड नाकाशी नेली.

"आप्पा, कुबट येतंय की वो."

"दिवा हिरवा हाय, भामाबाई. तुमालाच सर्दी झाली असंल."

ती ओशाळून हसली आणि पोतं घेऊन गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

नवव्या दिवशी म्हैस मेली, पोटातल्या रेडकासकट. भामाबाई दुकानात आली. भांडली नाही. "माझं नाक बरं होतं, आप्पा. मीच त्याचं ऐकलं न्हाई," म्हणाली आणि रडली. आप्पांनी त्याच संध्याकाळी स्वतःची दुभती म्हैस तिच्या दारात नेऊन बांधली. पण नाक खरं ठरूनही त्या बाईचा आपल्या नाकावरचा भरवसा गेला तो गेलाच. आता ती पेंड तीन-तीनदा हुंगते आणि शेजारणीला विचारते, "बरी हाय का गं?" ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा, साखरपाणी द्या, धुरापासून लांब ठेवा. पण समोरचं माणूस वास येतोय म्हणालं, तर आधी वाकून स्वतः हुंगा. मी येण्याआधी आप्पा रोज वाकून हुंगत असत. त्या दिवशी वाकले नाहीत, कारण मी होतो.