रांगेचं मयत

पूल सुरू झाला तेव्हा अख्खं काझुंगुला नाचलं, आणि त्या गर्दीत नासिलेलेही नाचली. आपल्याच पोटावर पाय पडतोय हे नाचताना कुणाच्या लक्षात येतं? तिच्या ते तीन महिन्यांनी लक्षात आलं, आणि तेव्हाही तिने मान्य केलं नाही.

आधी झांबेझी नदी ओलांडायला नुसता तराफा होता. एका खेपेला एक ट्रक, तोही तराफ्याची तब्येत बरी असली तर. ट्रकांची रांग गावाबाहेर लांबवर जायची आणि ड्रायव्हर लोक आठवडा-आठवडा तिथेच मुक्काम ठोकायचे. अंघोळ तिथे, भांडण तिथे, झोप तिथे. त्यांना जेवायला घालायची नासिलेले. नवरा गेल्यावर तिने याच रांगेच्या जिवावर मुलगी शिकवली आणि घरावर पत्रे चढवले. उत्तरेकडून तांबं यायचं. दक्षिणेकडून यंत्रं यायची, साबण यायचा, डबाबंद मासे यायचे. नदीकाठच्या गावातून डबाबंद मासे चाललेले पाहून तिची हसून मुरकुंडी वळायची. अर्ध्या खंडाचा माल तिच्या दारावरून ताडपत्रीखाली लपून जाई, पण काझुंगुलात एक खिळासुद्धा कधी उतरला नाही. खाणी एकीकडे, बंदरं दुसरीकडे, मधल्या गावाच्या वाट्याला फक्त ट्रकांचं थांबणं. पण थांबलेल्या माणसाला भूक लागते, आणि त्या भुकेवर तिचं छान चाललं होतं.

आता सकाळी आलेला ट्रक दुपारी पलीकडच्या देशात असायचा. नवा रस्ता मोपाने झाडांच्या पल्याडून गेला होता आणि जुन्या घाटाच्या वाटेला कुत्रं फिरकत नव्हतं. तरी नासिलेले रोज पहाटे मोठं पातेलं चुलीवर चढवायची, मक्याच्या पिठाचं बुहोबे पन्नास माणसांना पुरेल इतकं घोटायची, आणि संध्याकाळी ते शेजारच्या डुकरांना घालायची. डुकरं मात्र बाळसं धरू लागली होती.

"येतील गं ट्रक परत. पुलाचा काय भरवसा?" शेजारणी म्हणायच्या. ती खोटी समजूत तिला गोड लागायची.

राजधानीतून, लुसाकाहून, मुलीचा, नालिशेबोचा, दर दोन दिवसांनी फोन. "आई, शनिवारच्या बसने ये. खोली रिकामीच आहे. तुला कशाला हात लावू देणार नाही मी." नासिलेले हो म्हणाली होती. पण मुलीचं ते शेवटचं वाक्य तिच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं. कशाला हात लावायचा नाही, तर पहाटे उठायचं कशासाठी?

खरं बोलायची हिंमत गावात एकाच माणसाला होती. तो हामूंगा. तराफ्यावर दोर ओढता ओढता म्हातारा झालेला, आता गाई पाळून आंबट दूध विकणारा. हिंमत त्याची स्वतःची नव्हती, जातकुळीची होती. तो टोंगा जमातीचा आणि ती लोझी जमातीची, म्हणजे थट्टेच्या नात्यातले भाऊबंद. टोंग्याने लोझीला काहीही बोलावं, लोझीने दुप्पट परत करावं, पण चिडायचं नाही. मयताच्या घरी तर ही थट्टा करायचीच असते. तिथे जो चिडला तो नात्यातून उठला.

गुरुवारी सकाळी अंगणात बायकांचा आक्रोश ऐकून नासिलेले पळी घेऊन धावत बाहेर आली. बघते तर हामूंगा डोक्यावर माती घालून गडाबडा लोळतोय. त्याच्यामागे तराफ्यावरचे सगळे जुने सोबती, त्यांच्या बायका, डोक्याला फडकी, खांद्यावर ओंडके.

"कोण गेलं रे?"

"रांग गेली गं, लोझीणबाई! तुझी रांग गेली! तीन महिने झाले, मढं घरात घेऊन बसलीयेस. वास सुटला!"

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर पळी त्याच्या टाळक्यात बसली असती.

"ऊठ गुराख्या! माझ्या अंगणात शेणाचा वास येतोय तो तुझा."

"रडू दे मला! तुम्हा लोझींना पूल पचायचा कसा? तुम्हाला होडी पाहिजे, तीही राजाची, शंभर वल्ह्यांची!"

"आणि तुम्हाला पूल पाहिजेच. टोंग्याला बायकोपेक्षा गाय लाडकी, आणि तिला नदी पोहता येत नाही!"

सगळे हसले. तोवर पुरुषांनी ओंडके पेटवून त्यांच्याभोवती बैठक मारली, बायका घरात चटईवर बसल्या आणि सुरात रडू लागल्या. कुठे गेलीस गं रांगे, आम्हाला टाकून. तीन महिन्यांत पहिल्यांदा पातेल्यातलं बुहोबे माणसांच्या पोटात चाललं होतं. नासिलेले वाढत होती, उलट बोलत होती, आणि वाढता वाढता तिला खरंच रडू फुटलं.

"खरंच गेली की रे, हामूंगा."

"गेली," तो म्हणाला. या वेळी थट्टा नव्हती. "पोरीकडे जायचं तर मनापासून जा. पण रांगेची वाट बघत इथे कुढू नकोस."

आता हामूंगाचा स्वभाव असा की काम करायचं तर यथासांग. येताना त्याने नव्या रस्त्यावर हिरव्या फांद्याही टाकल्या होत्या. रस्त्यावर फांद्या दिसल्या की ड्रायव्हर समजतो, पुढे गाडी बंद पडलीये किंवा जवळपास मयत आहे. म्बेया गावचा ड्रायव्हर म्वाकालिंगा तांब्याच्या फेरीवर होता. त्याने गाडी बाजूला घेतली. झाडांपलीकडून रडणं ऐकू येत होतं, आणि ती जागा त्याच्या चांगल्या ओळखीची होती. त्याने आपल्याच मनाने ताळा जमवला, टोपी काढली, आणि सीटमागचं तांदळाचं पोतं खांद्यावर टाकून निघाला.

ओंडक्यांपाशी बसून त्याने डोळे पुसले आणि रिवाजाप्रमाणे गेलेल्याबद्दल बोलायला उभा राहिला. "मला ताप भरला होता. मालक फोन उचलेना. या माउलीने मला कोंबडीचा रस्सा करून पाजला. मी म्हटलं, मला भात लागतो. तिने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि दुसऱ्या दिवशी भात केला. कच्चाच होता. पण माझ्या आईनंतर माझ्यासाठी वेगळं असं कुणी शिजवलं नव्हतं."

हामूंगा लबाड, तो गप्प बसला. नासिलेले दाराआडून ऐकत होती. इतक्या वर्षांत कुणी तिच्या तोंडावर हे बोललं नव्हतं. पण भाताचं तिला सहन होईना.

"कच्चा नव्हता रे तो भात!"

म्वाकालिंगा उभ्या उभ्या मागच्या मागे पडला. हसून हसून बायकांच्या डोळ्यांना खरं पाणी आलं.

"आई, तू आहेस?" उठून तो तिला हात लावून बघू लागला. "आम्हाला वाटलं, रांग गेली तशी तूही गेलीस. पुलावरून तुझा धूर दिसत नाही गं! दिसला असता तर कोण थांबलं नसतं? पूल झाला म्हणून आम्ही जेवायचं सोडलंय होय?"

"मग खा."

"खातो. पण एक घोटाळा झालाय." त्याने फोन काढला. "तू गेल्याचं मी सगळ्यांना कळवून बसलोय."

सगळ्यांना म्हणजे उत्तरेच्या खाणींकडल्या लुबुंबाशीपासून दक्षिणेच्या डर्बन बंदरापर्यंत. चाकावर चालणाऱ्या माणसांत बातमी चाकापेक्षा जोरात पळते. शुक्रवारी नासिलेलेने तराफ्यावरच्या मंडळींना कामाला लावलं आणि चूल, पत्रे, पातेली उचलून नव्या रस्त्याच्या कडेला आणली. मुलीला दिलेल्या शब्दाबद्दल तिने कुणाशी चकार शब्द काढला नाही. पण खांब किती खोल गाडायचे हे ती स्वतः उभी राहून सांगत होती, आणि एवढं खोल एका दिवसासाठी कुणी गाडत नाही. दुपारपासून दुखवट्याला ट्रक थांबू लागले. कुणी साखर घेऊन, कुणी सुके मासे, कुणी लिंपोपोकडची संत्री. काझुंगुलात माल उतरू लागला! येणारा प्रत्येक जण आधी दचकायचा, मग शिव्या द्यायचा, मग जेवायला बसायचा.

शनिवारी सकाळी फोन वाजला. नालिशेबो हुंदके देत होती. आई गेल्याचं बसच्या ड्रायव्हरकडून तिला कळलं होतं.

"आई... तू आहेस ना?"

"आहे गं, आहे. नीट आहे. रडू नकोस."

"मग आजच्या बसने येतेस ना?"

समोर डर्बनचा एक धिप्पाड ड्रायव्हर टोपी छातीशी धरून, डोळे गाळत उभा होता. त्याच्यामागे आणखी तिघे गाड्यांतून उतरत होते.

"नाही बाळा," नासिलेले म्हणाली. "माझ्या मयताला माणसं आलीत. त्यांना उपाशी कशी पाठवू?"