पिशवी परत करावी

महिपतरावांनी कवठ गुडघ्याच्या उंचीवरून अंगणातल्या फरशीवर सोडलं. टुणकन उडालं तर कच्चं, जागीच बसलं तर पिकलेलं, ही त्यांच्या बायकोची, ललिताबाईंची, परीक्षा. हे बसलं. तशीच तीन निवडून त्यांनी अबोली पिशवीत घातली, वर चिठ्ठी ठेवली आणि पिशवी शेजारच्या इमारतीतल्या तळमजल्याच्या दाराला अडकवून आले.

चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘कवठे आहेत. पिशवी परत करावी.’ खाली सही. ‘कृपया’ वगैरे लिहायची त्यांना सवय नव्हती.

ललिताबाई गेल्याला वर्ष होत आलं होतं. कोथरूडच्या त्या गल्लीत आठ बंगले होते, तेव्हा माघ लागला की त्या जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घरोघर कवठं पाठवायच्या. शिवरात्रीला प्रत्येक घरी कवठाची चटणी याच झाडाची. पिशवी परत यायची ती कधीही रिकामी नाही. कुणी चार मिरच्या घालायचं, कुणी कढीपत्ता, काही नसलं तर चिमूटभर साखर पुडीत बांधून. सात बंगल्यांच्या आता सात इमारती झाल्या होत्या, आणि त्यांतली माणसं सकाळी साडेसातला कंपनीच्या बसने हिंजवडीला जात होती. महिपतरावांनी यंदा अकरा पिशव्या धाडल्या. एकही परत आली नाही.

रविवारी तळमजल्यावरचा अभिनव फाटकाशी आला. मागे त्याची बायको रुपाली होती.

“काका, सॉरी हं, पण गाडीवर परत डेंट आलाय. झाडाचं काहीतरी करायला हवं.”

“गाडी झाडाखाली लावू नये, एवढं करता येईल.”

“पार्किंग तिथंच अलॉट झालंय ना.”

“कवठांनाही पडायला तीच जागा अलॉट झाली आहे. तुमच्या आधी तीस वर्षं.”

रुपालीला हसू आलं. मग ती हळूच म्हणाली, “काका, खरं सांगू? ते कसं खातात तेच आम्हाला माहीत नाही. फोडायला गेलो तर ओट्याची टाइल फुटली.”

“मग काय केलंत त्याचं?”

तिने अभिनवकडे बघितलं.

संध्याकाळी घरातला कचरा टाकायला ते कोपऱ्यावरच्या कुंडीपाशी गेले, तर वरच अबोली पिशवी. चिठ्ठीसकट, कवठांसकट. ज्या साडीची ती शिवली होती, ती ललिताबाई दर शिवरात्रीला नेसायच्या. काठाला भाजल्याचा एक डाग होता, तोसुद्धा दिसत होता. कुंडीत हात घालायचा त्यांना धीर झाला नाही. घरी जाऊन काठी घेऊन आले, तोवर पिशवी गेलेली. पालिकेची गाडी येऊन गेली असणार, असं ते धरून चालले. आपण आधीच हात का नाही घातला, याची त्यांना फार लाज वाटली.

सकाळी त्यांनी पालिकेत झाड तोडायचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : ‘फळांचा कोणालाही उपयोग नाही.’

पंधरवड्याने एक माणूस येऊन खोडावर नोटीस चिकटवून गेला. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. महिपतराव रोज सकाळी ती वाचायचे. दुसरं कुणी वाचायला थांबलं नाही. पुण्यात पाटी लावली आणि कुणीच वाचली नाही, हे त्यांना झाडापेक्षाही जास्त लागलं असतं, पण खोटं कशाला, लागत होतं ते झाडच.

सहाव्या दिवशी यमुनाबाई फाटकात उभी राहिली. कुंडीतून कागद-काच-पत्रा वेचणारी, खांद्याला पोतं.

“रद्दी नाहीये,” ते म्हणाले.

“रद्दी नगं, बाबा. हे द्यायला आलते.”

तिने पायरीवर गाठोडं सोडलं. अकरा पिशव्या, धुऊन वाळवलेल्या. सगळ्यात वर अबोली.

“कुंडीत गावल्या. कवठं चांगली व्हती, गूळ घालून चटणी केली, सगळ्या वस्तीला पुरली. सुनेनं परवा चिठ्ठी वाचली. म्हनली, आत्याबाई, पिशवी परत करा म्हनून लिवलंय. मला वाचता येत न्हाई, म्हनून उशीर झाला.”

महिपतरावांनी अबोली पिशवी उचलली. तळाशी काहीतरी होतं. भुईमुगाच्या ओंजळभर शेंगा. बाकीच्या दहांतही तेच.

“हे कशाला?”

“रिकामी कशी द्यावी?”

ते पायरीवर बसले. डोळे भरून आले होते, चष्मा पुसायचं निमित्त करूनही ते लपलं नाही. यमुनाबाईने सभ्यपणे झाडाकडे बघितलं.

“त्ये काय चिकटवलंय?”

“झाड तोडायचंय. कुणाची हरकत असेल तर लिहून द्यायची. उद्याचा शेवटचा दिवस.”

“कुनाला तोडायचंय?”

“आहे एक गाढव.”

“मंग माझी लिवा हरकत.”

महिपतराव आत जाऊन कागद आणि शाईचा पॅड घेऊन आले. मायना घातला, तारीख घातली, हरकत घेणारी म्हणून तिचं आणि झाड तोडायला निघालेला अर्जदार म्हणून स्वतःचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं.

“कारण काय घालू?”

तिने मान वर करून फांद्या न्याहाळल्या. “लिवा, अजून लई कवठं हायेत वर.”

त्यांनी तसंच लिहिलं, एक अक्षर न बदलता. तिने अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.

मग ते उठले. झाडाखालचं एक कवठ उचलून गुडघ्याच्या उंचीवरून सोडलं. बसलं. अशी चार निवडून त्यांनी अबोली पिशवीत घातली आणि पिशवी तिच्या हातात दिली.

“चिठ्ठी ऱ्हायली की, बाबा,” ती म्हणाली.

“तुम्हाला नाही लागत,” महिपतराव म्हणाले.