थांबराव आणि छाटणीवाला

थांबरावांना मी मारलं. एकदम नाही. साडेतीन वर्षं, रोज दहा ते सहा, मधे जेवणाची सुट्टी.

जुने चित्रपट दाखवणाऱ्या एका वाहिनीत मी कामाला होतो. कागदावर संकलन सहायक, प्रत्यक्षात छाटणीवाला. पावणेतीन तासांचा चित्रपट येतो, तो दोन तासांत बसवायचा, उरलेल्या जागेत जाहिराती. नियम सोपे आहेत. गाणं कापायचं नाही. मारामारी कापायची नाही. नायकाची एन्ट्री तर स्वप्नातही कापायची नाही. मग उरतं काय? जिथे कुणीतरी सावकाश बोलतंय ते. आणि सावकाश बोलणारा माणूस बहुतेक चित्रपटांत एकच.

त्यांचं खरं नाव जगाला माहीत आहे, पण आमच्या घरात ते चालत नाही. वाक्य बोलण्याआधी ते थांबतात, म्हणून माझी आत्या त्यांना थांबराव म्हणते. एकशे चाळीस चित्रपट, एकातही नायक नाहीत. कारकून, डॉक्टर, लिफ्टवाला, मुलीचा बाप. आत्याने मला वाढवलं ते याच माणसाकडे बोट दाखवून. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आयुष्यभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलत "आता दिसतंय? आता?" विचारलं. घरी आल्यावर टीव्हीपुढे मला तेच विचारायची. "तो कारकून बघ. बढती मिळाली म्हणून सांगितलं त्याला. बघ, शिक्के मारणं थांबवलं का? नाही. फक्त जरा हळू मारतोय. दिसतंय?"

मला दिसायचं. म्हणून तर राग येतो.

रविवारी दुपारी आमचा चित्रपट लागायचा आणि आत्या ताटावरून उठायची.

"लिफ्टचा सीन कुठे गेला? अरे, कोण हा मेला कापणारा? हात झडोत त्याचे!"

"आत्या, भाजी वाढ ना."

"तू तिथेच असतोस ना? शोधून काढ की त्याला."

"खूप मोठं ऑफिस आहे गं."

अकरा माणसांचं ऑफिस आहे. मग ती तक्रार नंबरावर फोन करायची. सोमवारी ती तक्रार चिठ्ठीवर टाइप होऊन माझ्याच टेबलावर यायची: 'लिफ्टचा सीन कुठे घातलात, हलकटांनो?' मी तिच्या मोबाइलवर उत्तर पाठवायचो: 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' संध्याकाळी आत्या तेच उत्तर मला दाखवायची. "बघ, कसलं गुळगुळीत लिहितो मेला. याला आईबाप नसणार."

तुम्ही म्हणाल, आवडता नट आहे तर कापलास कशाला? तर मला खात्री होती की मूळ टेपा आहेत. छाटलेली प्रत पास झाली की कॉम्प्युटर विचारतो, मूळ फाईल काढून टाकायची का? जागा कमी, म्हणून 'हो' म्हणायचं, असा साहेबांचा हुकूम. "टेपा खाली गोदामात आहेत रे," साहेब सांगायचे. साहेब म्हणजे आमचे कार्यक्रम प्रमुख. यांनी आजवर एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला नाही आणि ही गोष्ट ते अनुभव म्हणून सांगतात.

मग थांबरावांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली आणि साहेबांना ते आठवले.

"थेट कार्यक्रम करू. ते येतील, प्रेक्षक येतील. त्यांचे उत्तमोत्तम सीन काढ. चाळीस मिनिटं."

साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच मला कुणीतरी जोडायला सांगत होतं. आत्यासाठी पुढच्या रांगेतला पास मागून घेतला. तिने लगेच यादी सांगितली. शिक्के मारणारा कारकून. 'आम्ही खूप प्रयत्न केले' म्हणण्याऐवजी खिशात पेन शोधत राहणारा डॉक्टर. आणि सगळ्यात वर लिफ्टवाला: खुनी लिफ्टमध्ये शिरतो, हा त्याला ओळखतो, आणि सहा मजले त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. नुसत्या मानेवर अभिनय. मान!

यादी घेऊन मी गोदामात गेलो. गोदामात टेबल टेनिसचं टेबल होतं. हिशेब विभागातले दोघं खेळत होते.

"टेपा?"

"त्या होय? दोन वर्षं झाली भंगारात जाऊन. साहेबांनीच सांगितलं, कर्मचाऱ्यांना विरंगुळा हवा. खेळतोस का एक डाव?"

वर येऊन मी सर्व्हर धुंडाळला. एकशे चाळीस चित्रपटांतून थांबराव उरले होते चार मिनिटं अकरा सेकंद. दारातून आत येणे: सतरा वेळा. दारातून बाहेर जाणे: नऊ. फोन खाली ठेवणे: सहा. भिंतीवरच्या फोटोत असणे: चार. लिफ्टच्या सीनमधून लिफ्टचं दार बंद होताना उरलं होतं. पुढच्याच क्षणी ते सहाव्या मजल्यावर उघडत होतं. जगातली सर्वांत वेगवान लिफ्ट मी बनवली होती.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "काही उरलेलं नाही! दुसरीकडे कुठेच प्रती नाहीत, तुम्ही टेपा भंगारात घातल्या आणि मी फायली पुसल्या! माणूस संपवला आपण!"

"चार मिनिटं आहेत ना?" साहेब म्हणाले. "दोनदा लाव. वर जोरदार संगीत टाक. लोकांना कळत नाही रे."

"माझ्या आत्याला कळतं!"

"तिला चहा दे."

कार्यक्रमाच्या दिवशी मी कंट्रोल रूममध्ये जाहिरातीच्या बटणावर होतो, कारण नेहमीच्या बटणवाल्याची दाढ सुजली होती. काचेपलीकडे थांबराव बसले होते. बारीक झालेले, कोटाची बटणं नीट लावलेली. आत्या पुढच्या रांगेत, ठेवणीतला चष्मा लावून. फीत सुरू झाली. थांबराव दारातून आले. आले. आले. गेले. फोन ठेवला. पुन्हा आले. ढोल वाजत होते. शेवटी लिफ्टचं दार बंद झालं आणि उघडलं. दिवे लागले.

निवेदिका फुलासारखी हसली. "आपला एवढा मोठा प्रवास एकत्र पाहून कसं वाटलं?"

थांबराव थांबले.

पाच सेकंद. दहा. पडद्यावर त्यांचा चेहरा होता. एक भुवई हलली, मग तीही थांबली. कारकून, डॉक्टर, मुलीचा बाप, सगळे त्या चेहऱ्यावर येऊन गेले. मी इतकी वर्षं कापलेलं सगळं तिथे होतं.

"मेला का काय?" साहेब माझ्या कानात ओरडले. "जाहिरात लाव!"

"नाही."

"जाहिरात लाव म्हणतोय ना!"

"हात लावलात तर बटण उपटून गिळीन," मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो. बटण बशीएवढं आहे.

बत्तीस सेकंदांनी थांबराव बोलले. "मी सारखा आत येतोय. आत येऊन काय करतो, ते नाही दाखवलंत."

निवेदिकेचं हसू सरकलं. तेवढ्यात आत्या उभी राहिली.

"लिफ्टमध्ये तुम्ही पाठ केलीत," ती म्हणाली. माईक नव्हता, गरजही नव्हती. "दुसऱ्या मजल्यावर टोपी काढलीत. तिसऱ्यावर ती पुसलीत. तो म्हणाला, 'घाई आहे.' तुम्ही म्हणालात..."

ती थांबली. थांबरावांनी हळूच खुर्ची फिरवली आणि सगळ्यांकडे पाठ केली. ती मान तीच होती.

"'लिफ्टला नसते,'" ते म्हणाले.

साहेबांनी मला धक्का देऊन बाजूला केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर फरशी पुसायच्या द्रावणाची जाहिरात लागली.

आत्या तशीच कंट्रोल रूममध्ये आली. सगळे बाहेर साहेबांचं ओरडणं ऐकत होते, आत मी एकटा.

"तुला माहीत असणार," ती म्हणाली. "कापणारा कोण?"

"मी."

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सूचनेची नोंद घेतली आहे, ते पण?"

"ते पण."

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट आपटायची, पाणी आपटायची, एकदा तर उशी आपटली. नवव्या दिवशी संध्याकाळी मला समोर बसवलं.

"पुसलंस ना सगळं? आता माझ्याकडून भरून घे. एकशे चाळीस. एकही ओळ गाळणार नाही मी. आणि तू हलायचं नाहीस."

नोकरी गेली आहे, त्यामुळे वेळ आहे. तिला सगळं पाठ आहे, थांबण्यासकट. सध्या आम्ही तिसऱ्या चित्रपटात आहोत. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी आहे, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि जेवण व्हायचं आहे.

"आता दिसतंय?" ती वळून विचारते.

मी जांभई देतो आणि तिचे डोळे लाल होतात.

"पुन्हा तळमजला," ती म्हणते.